कावळ्याचा निकाल आणि कपाटातल्या बरण्या

कासारघाटावर त्या अमावास्येला पाचेकशे माणूस जमलं होतं आणि सगळं एका कावळ्याकडे बघत होतं.

कृष्णेचं पाणी खाली गेलेलं, घाटाच्या पायऱ्या शेवटपर्यंत उघड्या पडलेल्या. सगळ्यात खालच्या पायरीवर केळीचं पान आणि पानावर भाताचे तीन पिंड. भोवती पंचवीस फुटांवर दोरी. दोरीच्या आत एकटे वायसानंद महाराज. अंगात काळी कफनी, गालाला चिकटलेला माइक आणि हातात हातभर काठी. काठीच्या टोकाला लाल दोऱ्यानं बांधलेलं काहीतरी काळं, पिसापिसांचं, उलटं लोंबत होतं. महाराज त्याला काकदंड म्हणत. समोर मंदिराच्या भिंतीवर तीस-चाळीस कावळे ओळीनं बसलेले, सुनावणीला आल्यासारखे.

"हिथं पेंडिंग काय बी ऱ्हात न्हाई," महाराज सांगत होते. "सरकार म्हणतं, मयत कशानं झाला ते सवडीनं सांगतो. आवं, ज्याचं मरण झालं त्योच हजर असताना बरण्या भरून पुण्याला कशाला धाडता? आत्म्याला रिपोर्ट लागत न्हाई. आत्मा सोताच रिपोर्ट हाय."

गर्दीनं माना डोलावल्या. त्यातल्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी विहिरीत, विजेच्या तारेला, औषधाच्या डब्यापाशी किंवा रस्त्याकडेला मेलेलं होतं आणि त्याचा कागद कुठल्यातरी टेबलावर होता.

महाराजांनी काकदंड पिंडांवर धरला. "जयराज, तुला भावकीनं मारलं?" कावळे भिंतीवर. "तुला परक्यानं मारलं?" कावळे भिंतीवरच. मग महाराजांनी काठीच्या टोकावर काळी पिशवी चढवली, ती छातीशी धरली, तीन पावलं मागं सरले आणि डोळे मिटून म्हणाले, "तुला घरातल्या माणसानं मारलं?"

एक कावळा उतरला. तिरका तिरका चालत आला आणि मधल्या पिंडाला चोच मारून गेला.

घाटावरून एक आवाज उठला, हुंदका आणि जयजयकार यांच्या मधला. दोरीला लागून एक म्हातारा सावधानमध्ये उभा होता, तो हलला नाही. त्याच्या शेजारची बाई मात्र पायरीवर बसली. पुढच्या अमावास्येला नाव विचारू, असं महाराजांनी जाहीर केलं.

व्हिडिओ इथं संपत होता. डॉक्टर सम्मेद चौगुलेंनी फोन टेबलावरून पलीकडे सरकवला. पलीकडे जयराजची बायको बसली होती, क्रांती.

"पुढची अमावास्या सहा दिवसांवर आहे," ती म्हणाली. "नाव माझंच निघणार, हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. सकाळचा चहा मीच दिला होता."

डॉक्टरांना तो दिवस आठवत होता. नोव्हेंबरचा. बत्तीस वर्षांचा जयराज पहाटेपासून द्राक्षबागेवर फवारणी करत होता. घरी आला, बायकोनं दिलेला चहा प्याला, छातीत जळजळतंय म्हणून पडला आणि अकराच्या आत गेला. तोंडाला फेस. पोलिसांनी अकस्मात मृत्यू म्हणून नोंद केली, पंचनामा केला आणि मयत तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आणलं. डॉक्टर चौगुलेंनी चिरून पाहिलं. फवारणीचं विष असू शकत होतं, चहातलं असू शकत होतं, दुसरंही काही असू शकत होतं. त्यांनी दोन बरण्या भरल्या. एकीत जठर, यकृत, मूत्रपिंड मिठाच्या पाण्यात, विषाच्या तपासणीसाठी. दुसरीत हृदय, फॉर्मॅलिनमध्ये, वैद्यकीय महाविद्यालयाच्या तपासणीसाठी. अहवालात लिहिलं, मृत्यूच्या कारणाबाबतचे मत राखून ठेवले आहे.

त्याला आता सतरा महिने झाले होते.

राखून ठेवलेलं मत ही मोठी सुपीक जमीन असते. पहिल्या महिन्यात तिच्यात कुजबुज उगवली. दहाव्याला पिंडाला कावळा दीड तास शिवला नव्हता. पिंडाभोवती दोनशे माणसं दाटीनं उभी असल्यावर कुठला कावळा येणार, पण शेवटी दर्भाचा कावळा करून शिवून घ्यावा लागला आणि जयराजचं काहीतरी सांगायचं राहिलंय हे पक्कं झालं. तिसऱ्या महिन्यात क्रांतीला मलकापूरला माहेरी धाडलं. सहा वर्षांच्या दीपमालेला सासरीच ठेवून घेतलं. रिपोर्ट येऊ दे, विष नाही निघालं तर लेकीला घेऊन जा, असं सासऱ्यानं सांगितलं होतं. सासरा म्हणजे व्हिडिओतला सावधानमधला म्हातारा. नानासो, फौजेतून निवृत्त झालेला हवालदार.

"मामंजी वाईट न्हाईत," क्रांती म्हणाली. "ते शब्दाला धरून आहेत. रिपोर्ट म्हणाले होते. पण रिपोर्ट येईना आणि कावळा आला. आता कावळ्याचं ऐकून ते माझ्यावर फिर्याद देतील आणि पोरगी मला आयुष्यात दिसणार न्हाई. मला तुमच्याकडनं दुसरं काही नको, डॉक्टर. कावळ्याच्या आधी तुमचा रिपोर्ट येऊ द्या."

डॉक्टरांच्या तोंडून सवयीनं वाक्य निघालं, की प्रयोगशाळेकडून अजून आलेला नाही. हे वाक्य ते नानासोला दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सांगत. ते शंभर टक्के खरं होतं आणि त्यात एक मोठी सोय होती. ते म्हणायला खुर्चीतून उठावं लागत नसे.

क्रांती उठली नाही. ती समोर बसून राहिली. बाहेर ओपीडीची रांग खोकत होती. शेवटी डॉक्टरांनी प्रयोगशाळेला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी नाव विचारलं, तारीख विचारली, पाच मिनिटं थांबवलं आणि शांतपणे सांगितलं, की या नावाचा नमुना आमच्याकडे आलेलाच नाही.

"तपासून सांगतो," डॉक्टर क्रांतीला म्हणाले आणि तिच्या डोळ्याला डोळा न देता खुर्चीतून उठले.

बरण्या शोधायला त्यांना अकरा मिनिटं लागली. शवविच्छेदन खोलीमागच्या कोठीत, लसींच्या जुन्या पेटीच्या आड, लोखंडी कपाटाच्या खालच्या फळीवर दोघी शेजारी शेजारी होत्या. लेबलावर अक्षर त्यांचं स्वतःचं. सोबतचं पत्र मात्र त्यांच्या टेबलावरच्या ‘सहीसाठी’ असं लिहिलेल्या फाइलच्या तळाशी निघालं. पोलीस ठाण्याचा शेरा होता, ‘नमुना मोहोरेचा ठसा जोडलेला नाही, त्रुटीपूर्ततेसाठी परत.’ तारीख मृत्यूनंतरच्या पाचव्या दिवसाची. बरण्यांना लावलेल्या लाखेच्या मोहोरेचा एक ठसा कागदावर उमटवून जोडायचा, दोन मिनिटांचं काम. पत्र परत आणणाऱ्या पोलिसाची बदली झाली. त्याच्या जागी आलेल्याला वाटलं, बरण्या रुग्णालयानं पाठवल्या असतील. रुग्णालयाला वाटलं, पोलिसांनी नेल्या असतील. सतरा महिने दोन सरकारी खात्यांचा एकमेकांवर असा गाढ विश्वास होता.

डॉक्टरांनी लाख वितळवली, ठसा उमटवला, सही केली. शुक्रवारी पोलीस शिपाई बरण्या घेऊन एसटीनं पुण्याला गेला. पुढची अमावास्या सोमवारी होती. रिपोर्ट त्याआधी येणं शक्य नव्हतं.

ठाण्यातल्या नव्या फौजदारांना त्यांनी महाराजांबद्दल सांगितलं. फौजदारांनी विचारलं, तक्रार कुणाविरुद्ध घेऊ, कावळ्याविरुद्ध?

त्याच दिवशी रुग्णालयासमोर गुंडा नावाच्या चहावाल्याच्या टपरीवर चहा घेताना डॉक्टरांना काचेखाली महाराजांचं कार्ड दिसलं. ‘अपघाती, अकस्मात, संशयास्पद मृत्यू. निकाल एका बैठकीत.’ शवविच्छेदनाची वाट बघणारे नातेवाईक याच बाकड्यावर बसतात, चहा पितात आणि कुणावर संशय आहे ते एकमेकांना सांगतात. गुंडा कपबशा विसळत ऐकतो. महाराजांना अंतर्ज्ञान कुठून होतं हा प्रश्न तिथंच मिटला. पण कावळ्यांना कसं होतं, हे राहिलंच होतं.

रात्रीच्या जेवणानंतर त्यांनी क्रांतीनं पाठवलेला व्हिडिओ पुन्हा लावला. पहिल्यांदा सगळ्यांसारखं कावळ्याकडे बघितलं. दुसऱ्यांदा कावळा सोडून महाराजांच्या हाताकडे. आणि मग ते हसायला लागले, तशी आतून आई आली.

त्रिशलाबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर, तासगावच्या बाजूला त्यांची चार एकर द्राक्षं होती. त्यांनी चष्मा लावून व्हिडिओ बघितला आणि म्हणाल्या, "अरे, हा तर बागेतला बुजगावण्याचा कावळा."

त्या भागातल्या प्रत्येक द्राक्षबागेच्या कोपऱ्यावर मेलेला कावळा उलटा टांगलेला असतो. एक कावळा तसा लोंबताना दिसला की बाकीचे त्या जागी उतरत नाहीत. आपल्यातला एक इथं मेलाय, इथं धोका आहे, एवढं त्यांना कळतं. चौगुल्यांचं जैन घर. मेलेलं पाखरू सुद्धा कुंपणाला टांगायचं म्हटलं की त्रिशलाबाईंच्या सासूबाई जेवायच्या थांबत. म्हणून त्रिशलाबाईंनी जुन्या छत्रीच्या कापडाचा कावळा शिवला होता. तोही तेवढंच काम करायचा. कावळ्यांना सिद्धीशी कर्तव्य नव्हतं, आकार पुरत होता.

महाराजांचा चमत्कार एवढाच होता. काठीवरचा कावळा दिसला, की भिंतीवरचे बसून राहतात. तो पिशवीत झाकला आणि आपण तीन पावलं मागं सरलं, की पिंडाला चटावलेले घाटावरचे कावळे उतरतात. दोरी बांधायची ती माणसं लांब राहावीत म्हणून. नाव कुठलं घेताना झाकायचं, ते महाराजांनी ठरवायचं.

आईनं ट्रंकेतून मोडकी छत्री काढली. शिवता शिवता म्हणाली, पंख जरा उघडे ठेवते, मिटलेल्याला ते भीत नाहीत. मग सुईत दोरा ओवताना तिनं विचारलं, "आणि बरण्यांचं काय सांगणार आहेस?"

"त्याचा घाटावर काय संबंध," डॉक्टर म्हणाले.

आईनं दोरा दातानं तोडला.

सोमवारी सकाळी नऊलाच ऊन भाजत होतं. घाटावर मागच्यापेक्षा जास्त माणूस. द्राक्षं उतरून झालेली, बागांची छाटणीही उरकत आलेली, लोकांना सवड होती. दोरीपाशी नानासो सावधानमध्ये, शेजारी त्याची बायको रंगूबाई, तिच्या पदराला धरून आता सात वर्षांची झालेली दीपमाला. क्रांती सगळ्यात वरच्या पायरीवर एकटी उभी होती. तिच्याभोवती आपोआप दोरी बांधल्यासारखी जागा मोकळी होती.

महाराज रंगात आले होते. काकदंड पिंडांवर लोंबत होता. त्यांनी शेजाऱ्याचं नाव घेतलं, कावळे हलले नाहीत. चुलतभावाचं घेतलं, नाही. औषधाच्या दुकानदाराचं घेतलं, नाही. तो दुकानदार गर्दीत होता, त्यानं घाम पुसला. मग महाराज म्हणाले की आता मला बोलवत न्हाई, पर आत्म्याचा हुकूम हाय. काठीवर पिशवी चढली. तीन पावलं मागं.

"जयराज, तुला क्रांतीनं मारलं?"

कावळा उतरला. पिंडाला शिवला.

सगळ्या घाटानं एकदम वर वळून बघितलं. क्रांतीनं कठड्याला धरलं. दीपमालेनं आईकडे एकदा बघितलं आणि ती आजीच्या मागं लपली. नानासोनं खिशातून घडी घातलेला कागद काढला. फिर्याद लिहूनच आणलेली होती.

डॉक्टर दोरीखालून आत गेले.

"आत यायचं न्हाई डॉक्टर," महाराज माइकवरच म्हणाले. "आत्मा बिथरंल."

"बिथरणार नाही. त्याचं शवविच्छेदन मी केलंय, आमची ओळख आहे." मग ते नानासोकडे वळले. "हवालदारसाहेब, पाच मिनिटं द्या. मग काय तो कागद ठाण्यात द्या."

नानासोनं मनगटावरचं घड्याळ बघितलं. "पाच मिनिट. परमिशन."

डॉक्टरांनी कुणाच्या तरी हातातली काठी घेतली, पिशवीतून छत्रीचा कावळा काढून टोकाला उलटा बांधला आणि पिंडांवर धरला. महाराजांना त्यांनी विनंती केली, की तुम्ही तुमचा दंड पिशवीतच ठेवा, उन्हाचा त्याला त्रास नको. मग मोठ्यानं विचारलं, "जयराज, तुला क्रांतीनं मारलं?"

कावळे भिंतीवर. एक मिनिट गेलं, दोन गेली. एकानं पंख साफ केले.

"आत्ताच हो म्हणाला होता," डॉक्टर म्हणाले. "इतक्यात जबाब फिरवला." त्यांनी कापडाचा कावळा पिशवीत कोंबला आणि मागं सरकले. "जयराज, तुला डॉक्टर चौगुलेनं मारलं?"

कावळा उतरला आणि शिवला.

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. डॉक्टरांनी पुन्हा कापडाचा कावळा दाखवला, कावळे उडून गेले. पुन्हा झाकला. तुला सरपंचांनी मारलं का, असं विचारलं. एक कावळा आला. तुला वायसानंद महाराजांनी मारलं का, असं विचारलं. त्याला दोन आले आणि त्यांनी पिंड अर्धा संपवला.

"आता मला सांगा," डॉक्टर म्हणाले, "तुमच्या बागेच्या कोपऱ्यावर उलटं काय टांगलंय?"

घाटावर शांतता झाली. ती अज्ञानाची शांतता नव्हती. जन्मभर स्वतःच्या हातानं केलेली गोष्ट दुसऱ्याच्या हातात ओळखू आली नाही, याची होती. मग मागून एक बागायतदार हळूच म्हणाला, "आयला. कावळा."

दोन पोरांनी महाराजांच्या काठीवरची पिशवी काढली. आत भुसा भरलेला कावळा निघाला, काचेचे डोळे लावलेला. महाराज म्हणाले की आज ग्रह गोंधळात हायत, आत्मे एकमेकांच्या जागी बोलत्यात. पण माइकची बॅटरी कुणीतरी काढली होती, त्यामुळे हे पहिल्या रांगेपलीकडे गेलं नाही. औंधाकडचा एक पाहुणा म्हणाला, ह्यो तर आमच्याकडला आकाराम, पंधरा वर्सं बागा राखायचा. त्याला हे शिकायला हिमालयात जायची गरज पडली नव्हती.

हसणारं फार कुणी नव्हतं. बनाबाई नावाची एक म्हातारी दोरीपाशी आली आणि डॉक्टरांना म्हणाली, "माझ्या ल्योकाच्या टायमाला कावळ्यानं माझ्या भावाचं नाव घेतलं. आठ म्हैनं झालं, मी भावाच्या दारात गेली न्हाई. त्यो गेल्या म्हैन्यात वारला. मातीला बी गेली न्हाई मी." तिला उत्तर नको होतं. ती सांगून परत गेली.

इथं थांबता आलं असतं. डॉक्टरांनी छत्रीचं कापड घडी करून पिशवीत घातलं, लोक त्यांच्याकडे आदरानं बघत होते आणि सरपंच हार आणायला कुणालातरी पिटाळत होते. तेवढ्यात नानासो दोरी ओलांडून आला आणि दोन पावलांवर उभा राहिला.

"कावळा खोटा," तो म्हणाला. "कबूल. माझ्या सोताच्या बागंत टांगलाय, मला दिसला न्हाई. आता खरं सांगा. माझा पोरगा कशानं मेला?"

तेच वाक्य डॉक्टरांच्या जिभेवर आलं, खरं आणि सोयीचं. प्रयोगशाळेकडून अजून आलेला नाही. आजही त्यातला शब्द न् शब्द खरा होता. त्यांनी वर बघितलं. क्रांती कठडा सोडून दोन पायऱ्या खाली आली होती. तिनंही ते वाक्य ऐकलेलं होतं.

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि ते माझ्यामुळं माहीत नाही. तुमच्या मुलाच्या बरण्या प्रयोगशाळेत गेल्याच नव्हत्या. सतरा महिने माझ्या कोठीतल्या कपाटात होत्या. पत्राला एक ठसा जोडायचा राहिला म्हणून ते परत आलं आणि माझ्या टेबलावर पडून राहिलं. मंगळवारी सापडलं. शुक्रवारी बरण्या पाठवल्या."

नानासोचा आवाज परेडवरचाच राहिला.

"सतरा सोमवार आलो मी. दर खेपंला तुमी म्हनलासा, आला न्हाई. मी म्हनलो, वरचा माणूस सांगतोय तर खरं असंल. खुर्चीतनं उठला न्हाईसा एकदा बी?"

"नाही."

"बघितलं न्हाईसा?"

"नाही बघितलं."

"मग त्या आकारामात आन तुमच्यात फरक काय?"

सरपंचांचा हार आला होता. आणणाऱ्याला तो कुठं ठेवावा कळेना.

"फार नाही," डॉक्टर म्हणाले. "त्यानं कावळा झाकला, मी बरण्या झाकल्या. तुम्ही आम्हा दोघांना एकच प्रश्न विचारला नाहीत, की दाखव. त्याला म्हणायला हवं होतं, पिशवी उघड. मला म्हणायला हवं होतं, बरणी कुठंय ते दाखव, कुठल्या तारखेला गेली, कोण घेऊन गेलं, पोचपावती दाखव. मी चिडलो असतो. पण उठलो असतो."

नानासोनं फिर्यादीचा कागद चार घड्या करून खिशात ठेवला. फाडला नाही. रिपोर्ट येऊ दे, एवढंच म्हणाला आणि नातीचा हात धरून पायऱ्या चढला. क्रांतीच्या शेजारून जाताना तो थांबला नाही. दीपमालेनं मात्र मागं वळून बघितलं.

रिपोर्ट सव्वीस दिवसांत आला. सतरा महिने अडलेलं काम सव्वीस दिवसांचं होतं. प्रयोगशाळेनं लिहिलं होतं, नमुन्यात विष आढळले नाही; तथापि नमुने अतिविलंबाने प्राप्त झाल्याने काही विषे विघटित झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. म्हणजे कुजबुज करणाऱ्यांसाठी एक फट कायमची उघडी राहिली, आणि ती डॉक्टरांच्या कपाटानं पाडलेली होती. फॉर्मॅलिनमधलं हृदय मात्र टिकलं होतं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या अहवालात स्पष्ट होतं, की हृदयाच्या मुख्य रक्तवाहिनीत जुना अडथळा होता आणि त्यावर ताजी गुठळी. बत्तीसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका. तोंडाचा फेस त्याचाच, फुप्फुसात पाणी भरल्याचा. चहाचा काही संबंध नव्हता. त्या सकाळी छातीत जळजळतंय म्हणाला तेव्हा रुग्णालयात आणला असता तर, हा विचार त्या घरात पहिल्यांदाच शिरला. सतरा महिने सगळे विषाबद्दलच बोलत होते.

डॉक्टर रिपोर्ट स्वतः घेऊन नानासोकडे गेले. नानासोनं तो दोनदा वाचून घेतला, कपडे बदलले, नातीची पिशवी भरली आणि म्हणाला, गाडी मलकापूरला घ्या.

क्रांतीच्या माहेरच्या अंगणात तो खाटेवर बसला. डॉक्टरांनी तोंड उघडलं, तशी क्रांतीनं मान हलवली. त्यांची माफी तिला नको होती, निदान त्या दिवशी तरी. नानासोनं घसा साफ केला.

"सूनबाई, चहा टाक. तुझ्या हातचा."

क्रांतीनं चहा आणला. नानासोनं कप घेतला आणि सगळ्यांदेखत, बशीत न ओतता, गरमच्या गरम पिऊन टाकला. रिकामा कप खाली ठेवला. दीपमाला खाटेच्या पायापाशी उभी राहून त्याच्या तोंडाकडे बघत होती. क्रांतीनं तिच्यासाठी दुधाचा पेला आणला, पुढं धरला. पोरीनं हात पुढं केला नाही. ती आजोबाकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "आबा, तुमी बरं हायसा न्हवं?"

क्रांतीनं पेला धरलेला हात खाली घेतला नाही.

"बरा हाय," नानासो म्हणाला. "पी तू." आणि पोरगी पीत असताना त्यानं तोंड फिरवून भिंतीकडे केलं.

परतीच्या वाटेवर कराड आलं. तेव्हा नानासो म्हणाला, घाटावर तुमी बोललासा ते लिहून लावा. तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

ते आता शवविच्छेदन खोलीबाहेरच्या भिंतीवर लावलेलं आहे, बाकड्यावरून वाचता येईल अशा अक्षरात. ‘तुमच्या माणसाचा मृत्यू कशानं झाला हे मेलेला सांगत नाही, कावळा सांगत नाही, महाराज सांगत नाहीत. तपासणी सांगते, आणि ती झाली तरच. म्हणून विचारा: नमुने कुठे आहेत? कोणत्या तारखेला गेले? कोणी नेले? पोच दाखवा. ‘अजून आला नाही’ हे उत्तर घेऊन घरी जाऊ नका.’ खाली डॉक्टर चौगुलेंची सही आणि मोहोर आहे. ठसा स्पष्ट उमटलेला आहे.

आकारामवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला आहे. तपास चालू आहे, असं फौजदार सांगतात. नानासो दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ठाण्यात जातो आणि कुठवर आला ते दाखवा म्हणतो.

पाटी लावल्यापासून रुग्णालयाच्या कोठीतून आणखी नऊ बरण्या निघाल्या. कारकुनाची मात्र तक्रार आहे, की हल्ली लोक फार प्रश्न विचारतात.

विचारू देत.